चमच्याला बूट म्हणणारी बाई

तार्तूमध्ये, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर
मला चुकण्याचा पगार मिळतो.
तासाला साडेनऊ युरो, आणि कॉफी.

टेबलाच्या या टोकाला मी,
त्या टोकाला तिक्स,
गुडघ्याएवढा, पांढरा, डोळ्यांच्या जागी दोन निळे दिवे.
बोलण्याआधी मान किंचित कलती करतो.
(ती मान तोनिसने दोन आठवडे खपून बसवली.
मुलांना मान आवडते, म्हणाला.)

मधल्या खुर्चीत मूल.
बूट दाराशी काढलेले, मोजे ओले,
खिडकीबाहेर फेब्रुवारी.

मी चमचा उचलते, म्हणते, हा बूट.
बदक उचलते, म्हणते, हा कंगवा.
हसायचं नाही, असं कागदावर लिहिलंय.
तिक्स म्हणतो, चमचा.
तिक्स म्हणतो, बदक.
मग एक वस्तू काढायची
जिला अजून कुणी नावच दिलेलं नाही,
सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं लाकडी काहीतरी,
तीन पाय, एक भोक.
आणि मुलाला विचारायचं:
हे काय आहे, ते कुणाला विचारूया?

उकु, वय तीन वर्षं दोन महिने,
माझ्याकडे वळला.
त्याच्या डोळ्यांदेखत मी चार वेळा चुकले होते,
तरी माझ्याचकडे.
माझा स्वेटर त्याच्या आईच्या स्वेटरसारखा असेल,
किंवा मला मांडी आहे म्हणून.
आठवड्याने आईचा फोन आला:
पोरगा सूप प्यायला बूट मागतोय.

ओट्टने कुणालाच विचारलं नाही.
वस्तू उचलली, चाटली,
आणि म्हणाला, लाकूड.
आता गुण कुणाला द्यायचे?

संध्याकाळी घरी चहा ढवळताना
हातातल्या चमच्याकडे माझं लक्ष जातं
आणि अर्धा क्षण
मलाच खात्री नसते.

मिर्तेल पाच वर्षांची.
दुसऱ्याच चुकीला तिने खुर्ची
माझ्यापासून वीतभर लांब सरकवली.
मग सगळे प्रश्न तिक्सला:
दिवा विझला की तुला अंधार दिसतो का,
तुला थंडी कुठे वाजते.
तिक्सला ठरलेली बारा वाक्यं येत होती.
त्यातलं कुठलंही तो म्हणाला तरी
तिला ते उत्तरच वाटलं.

आणि नेमका त्या दिवशी तिक्स बिघडला.
बदकाकडे पाहून, मान कलती करून,
स्पष्ट म्हणाला: मंगळवार.
काचेमागे तोनिसने डोकं धरलं.
मिर्तेल हसली, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली,
मग म्हणाली, दमलाय तो,
आणि आपली लाल टोपी काढून
त्याच्या डोक्यावर घातली.

मी विचारलं, हे कागदावर नव्हतं,
आणि मी?
मीही दमले असेन की.

तिने माझ्याकडे पाहिलं,
फळ पिकलंय का, हे बोटाने दाबून बघावं
तसं.
तुला येतं, ती म्हणाली.
तू सांगत नाहीस.

तक्त्यात या वाक्याला रकाना नव्हता.
तोनिसने ते 'इतर'मध्ये टाकलं.

शनिवारी बाजाराच्या दारात
ब्रॉंझच्या डुकराच्या पाठीवर ती बसली होती.
वडील बटाटे निवडत होते.
मला पाहून ती खाली उतरली, बर्फातून सरळ माझ्याकडे आली,
आणि गाजर माझ्या नाकासमोर धरून म्हणाली:
हे काय?

इतक्या दिवसांच्या सवयीने
जिभेवर आधी छत्री आली.
ती गिळली.
गाजर, म्हणाले.

ती थांबली. माझ्या मानेकडे बघत राहिली,
कलते की काय म्हणून.
मग विचारलं:
आज तुला सुट्टी आहे का?

हो, म्हटलं.

तिने गाजर गुडघ्यावर आपटून मोडलं,
जाडं टोक मला दिलं,
निमुळतं खिशात टाकलं.
हे तिक्सला.

तिक्सला दात नाहीत
हे तिलाही ठाऊक आहे.