पालथा हात

वाल्परायसोत बंबवाल्याला पगार नसतो.
उलट आम्हीच दर महिन्याला वर्गणी भरतो,
बुटांच्या, डिझेलच्या, नळीच्या ठिगळांच्या नावानं.
दिवसा मी कुलपं बसवतो.
दुकान जिन्याखाली, एवढंसं. पाटी: ओयार्सून, चाव्या.
यास्ना मासे विकते. गाडी चालवणारा इग्नासिओ
दातांचा डॉक्टर आहे, भोंगा झाला की
कुणाचा तरी जबडा उघडा टाकून पळत येतो.

चाळिसेक टेकड्यांचं शहर.
आग या टेकडीवर, बंब त्या टेकडीवर,
समोर दिसतंय घर, हाक मारली तर ऐकू जाईल,
आणि रस्त्यानं गेलं तर तीन किलोमीटर.
म्हणून शहर पायांनी पाठ करायचं:
कुठल्या जिन्याला किती पायऱ्या, कठडा कुठे तुटलाय,
कुठला नळ उन्हाळ्यात नुसता फुसफुसतो,
कुणाच्या अंगणात गॅसची टाकी पत्र्याआड दडवलेली.

शनिवारी नळ्या.
धुवायच्या, उंच मनोऱ्यात टांगायच्या, वाळल्या की
घडी मागच्या घडीवर येणार नाही अशी गुंडाळायची,
नाहीतर तिथेच फाटते, आणि फाटते ती नेमकी त्या वेळी.
ब्रौलियो एकोणीस वर्षांचा. विचारतो,
आग कधी शिकवणार?
मी म्हणतो, आधी गाठ दाखव. डोळे मिटून.

मग एकदाचं तळघरात नेलं.
मुखवट्याच्या काचेवर काळा कागद, खुर्च्या उलथ्यापालथ्या.
उजवा हात भिंतीला. सुटला की तू सुटलास.
पुढे काही चाचपशील ते पालथ्या हातानं.
तळव्याला पकडायची सवय असते,
तारेत वीज असली तर मूठ वळते, उघडत नाही.
पालथा हात झटकून आपल्याकडे येतो.
टाकीवर लिहिलंय, अर्धा तास हवा.
ती न घाबरणाऱ्याची. तुझी अठरा मिनिटांची.
पोरगं आत आकडे मोजत राहिलं,
सव्वीसनंतर पुन्हा एकवीस.

फेब्रुवारीत दक्षिणेचा वारा सुटला त्या रात्री
एर्सिलियाबाईंचं घर.
दारावरचं कुलूप माझंच. तीन जिभांचं.
"चोराच्या बापाला उघडणार नाही,"
असं मीच सांगून विकलेलं.
यास्ना कुलपाच्या बाजूला पहार घालायला निघाली.
मी म्हटलं, थांब. बिजागऱ्या.
बिजागऱ्या जुन्याच राहिल्या होत्या,
बाईंकडे तेवढे पैसे नव्हते त्या दिवशी
आणि मी फार आग्रह केला नव्हता.
दोन दणक्यांत दार उलटीकडून उघडलं.

धूर गुडघ्यापर्यंत उतरलेला. आम्ही त्याखाली.
भिंत, कपाट, भिंत, कोपरा.
पालथ्या हाताला आधी सपाट लागली,
मग सपाटीतला पाय.
मागे नळी धरून ब्रौलियो, रेडिओवर त्याचे आकडे,
या वेळी ओळीनं.

छप्पर गेलं. चौकट तेवढी उरली, काळी, सरळ.

सोमवारी बाई दुकानात आल्या,
भाचीचा कोट अंगावर, आवाज बसलेला.
तसंच कुलूप हवं म्हणाल्या.
मी म्हटलं, पण बाई, दार?
"दार येईल. तू कुलूप दाखव."
मग थोडं थांबून, "आणि या वेळी
बिजागऱ्या बदलू नकोस."

नाण्यांसकट पैसे मोजून ठेवले.
नको म्हणायला तोंड उघडलं होतं,
त्यांच्याकडे पाहून मिटलं.
संध्याकाळी ठाण्यावर तेच पैसे भरले.
खजिनदार चष्मा शोधत होता.
पावतीवर महिना चुकीचा लिहिला त्यानं,
मी दुरुस्त करून घेतला.
मनोऱ्यात नळी अजून ठिबकत होती.