अवधाण

मालपिकाच्या धक्क्यावर आम्ही सातजणी
पाय पसरून बसतो, मांडीवर कुणाचं तरी फाटकं जाळं.
गाठ मारणं हेच आमचं पोट.
एरुंदिना थोरली. डोळे मिटून चाचपेल आणि सांगेल,
ही सुटेल, ही कापावी लागेल,
ही तुझ्या हातची, आळशे.

तीच फेब्रुवारीतल्या एका दुपारी
सुई दोऱ्यात तशीच ठेवून म्हणाली,
काखेत काहीतरी आलंय. दोन. घेवड्याच्या दाण्याएवढ्या.
मग जरा थांबून, उधारी कबूल करावी तशी:
छातीतही एक आहे. ती नाताळापासूनची.

कुणी काही बोललं नाही.
उरलेल्या सहाजणींनी मनातल्या मनात
खालची गाठ वरच्या गाठींना बांधली
आणि दोर ओढून घट्ट केला.

कोरुन्याला मी नेलं, भावाच्या मासळीच्या गाडीतून.
सबंध रस्ताभर ती एकच वाक्य बोलली:
वासाबद्दल तूच माफी माग त्यांची.

डॉक्टर ब्रांदारीस, तिच्या धाकटीच्या वयाची.
आधी कढत पाण्याखाली स्वतःचे हात ऊबदार केले.
बसवून पाहिलं, निजवून पाहिलं,
हात डोक्यामागे घ्यायला लावून पाहिलं.
काख, हासळीच्या वरचा खळगा, मग दुसरी बाजू,
जिथे काहीच नव्हतं तिथेही तेवढंच अवधान.
एरुंदिनाने माझ्याकडे बघून भुवई उचलली:
हिला जाळं द्यायला हरकत नाही.

प्रश्न मात्र भलतेच.
रात्री घाम येतो? वजन उतरलंय? घरात कुणाला?
मावशीला, ती म्हणाली, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं.
नुकती लस घेतली? हाताला काही लागलंय?
हाताला? एरुंदिना हसलीच.
उजवा तळवा पुढे केला: चाळीस वर्षांच्या सुया,
आणि मनगटावर एक ओरखडा, कडेला लाल,
तीन आठवडे न भरलेला.
फरॉल, ती म्हणाली. फाटक्या कानाचा बोका.
जाळ्यात अडकला होता, सोडवत होते.

डॉक्टरने बोक्याचं नावसुद्धा लिहून घेतलं.
म्हणाली, दोन्हीकडे गाठी आहेत
म्हणून धागा एकच, असं मी आज म्हणणार नाही.
वेगळा आहे, असंही नाही.

मग थंड काचेखाली दाबलेली छाती,
मग सोनोग्राफीचा चिकट गारठा,
मग बधिर केलेल्या कातडीतून सुई, एकदा इथे, एकदा तिथे,
खट्, स्टेपलरसारखी.
दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या.
एरुंदिनाने चिठ्ठ्या दोनदा वाचून घेतल्या,
अदलाबदल नको.

नऊ दिवस.
मी तीन जाळी चुकवली.
आम्ही फरॉलला सार्डिन घातले, रोज, ताजे,
गुन्हा तुझाच असू दे रे, म्हणत.

दहाव्या दिवशी कळलं.
काखेतलं निव्वळ अवधाण. बोक्याचंच.
छातीतली गाठ बोक्याची नव्हती.

मी रडले. एरुंदिनाने विचारलं, केवढी?
चौदा मिलिमीटर.
कडा दाखवा.
पडद्यावरच्या त्या खरबरीत कडेकडे ती
बराच वेळ बघत राहिली, चष्मा कपाळावर.
काखेतली एकदोन गाठी ऑपरेशनच्या दिवशी
परत तपासू, डॉक्टर म्हणाली,
बोका निर्दोष ठरला तरी.
बघा, एरुंदिना म्हणाली. फाटलेलं शिवायचं तर
आधी कापत जावं लागतं, शाबूत घरापर्यंत.
शाबूत घर कुठे सुरू होतं, तेवढं नीट बघा.

परतताना तिने गाडी थांबवायला लावली.
अर्धा किलो सार्डिन. त्याने तरी हात दाखवायला लावला, म्हणाली,
नाहीतर मी ईस्टरपर्यंत थांबले असते.

त्या रात्री गावात सहा घरांचे दिवे
उशिरापर्यंत जळत होते, न्हाणीघरांचे.
सकाळी धक्क्यावर कुणी कुणाला विचारलं नाही.
फक्त रोसेंदाने सुई ओवता ओवता, कुणाकडेही न बघता,
बसचं वेळापत्रक विचारलं. कोरुन्याचं.