कौलांची फूट

नाव कौलाबंदर, पण आता
इथल्या एकाही घरावर कौल नाही.
पत्रे, निळी ताडपत्री, तोडलेल्या जहाजांच्या फळ्या.
एके ठिकाणी लाइफबोटीचं अर्धं कवच पालथं घातलंय,
त्याखाली चार माणसं निजतात.

माझे वडील इथं मोजणीदार होते.
विष्णू केळुसकर, वेंगुर्ल्याकडचे.
नारळी पौर्णिमा उलटली, वारा वळला
की मंगळुराहून फत्तेमाऱ्या यायच्या.
फळीवरून बाया उतरायच्या, डोक्यावर सहा-सहा कौलं,
आणि वडील काठाशी पिंपावर बसून
लाभ म्हणायचे. एक कधीच म्हणाले नाहीत.
लाभ, दोन, तीन. शेकड्याला खडूची रेघ.
फुटलेलं डावीकडे, पाण्यात.

पाणी तेव्हा गोदामाच्या पायरीला लागायचं.
आता दोनशे पावलं चालावं लागतं.
मधली जमीन आली कुठून, असं
मोजणीला आलेल्या साहेबाने विचारलं.
चिखल, राख आणि फूट, साहेब.
शेकडा पाच, साठेक वर्षं. करा हिशेब.

पाचाच्या वर गेली
तर तांडेलाच्या मजुरीतून कापायची, हा शेठचा नियम.
म्हणून तांडेल दाऊद सोलकर आणि वडील,
दोघांचं भांडण दर खेपेला
लाकडी बंदरापर्यंत ऐकू जायचं.
"ह्याला तडा म्हणतोस? कारागिराचं नख लागलंय."
"मग घाल तुझ्या घरावर."
"माझ्या घरावर माड आहेत. तुझ्या घाल."

एका साली आमच्या गावच्या घराचं छप्पर
वादळाने उचलून नेलं. मी आईच्या पोटात होते.
त्या खेपेला सोलकर वेंगुर्ल्याला
गोडं पाणी भरायला थांबला. वहीत एवढंच.
आणि पान उलटलं की, वडिलांच्या तिरप्या अक्षरात,
फूट तीनशे चाळीस.

शेठचा निरोप आला: उद्या येतो, तुकडे दाखवा.

तुकडे होते कुठे?
रात्री ओहोटीला चंद्रभागा ठोंबरे
गुडघाभर चिखलात उतरली, मागून आणखी सातजणी,
कंदील एकच.
जुनी फूट, एकदा मोजून टाकलेली,
शेवाळ खरवडून, धुऊन वर आणली.
सकाळी ढीग तयार. ओला, पण ढीग.
एका तुकड्याला कालव चिकटलं होतं.
शेठने नेमका तोच उचलला,
हत्तीच्या छापावरून अंगठा फिरवला, खाली ठेवला
आणि चष्मा पुसत बसला.

सोलकरची मजुरी कापली, ती मात्र पुरती कापली.
वडिलांनी ती भरून दिली का, वहीत नाही.
मी विचारलं नाही. विचारायच्या वयात आले
तेव्हा दोघांचं भांडण पुन्हा चालू होतं.

मग सिमेंटचे पत्रे आले, फत्तेमाऱ्या थांबल्या.
पुढे दारूखान्याकडून जहाजं मरायला येऊ लागली,
आणि भय्ये लोक गॅसने त्यांची पोटं कापू लागले.
मी त्याच गोदामात बावीस वर्षं भाड्याच्या पावत्या फाडल्या.
चंद्रभागेची नात आता लोखंडाचा चुरा वेचते,
लोहचुंबक दोरीला बांधून, चालता चालता.
तिला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली,
आजीने आठ आणे जास्त घेतले होते त्या रात्रीचे.

गेल्या वर्षी संडासासाठी खड्डा खणला.
दीड पुरुष खोल, सगळं लाल.
गॅसकटरवाल्या इर्शादने एक तुकडा वर दिला, हत्तीचा,
पाठ काळी पडलेली.
मी तो घरी नाही नेला. डावीकडे ठेवला.

माझ्या हिशेबाने ही जमीन
तीनशे चाळीस कौलांनी कमी भरते.
ती वेंगुर्ल्याला आहेत, चुलत्यांच्या ताब्यात,
अजून गळत नाहीत म्हणतात.
आणि इथे, जिथे वडिलांचं पिंप असायचं,
सुपाएवढ्या जागेत
अमावास्येच्या भरतीला अजून पाणी वर येतं.
महापालिकेने दोनदा माती टाकली.
येतं.