पारंपरिक

नळस्टॉपजवळ, मेट्रोच्या पुलालगत,
एका दंतवैद्याच्या तळघरात माझा स्टुडिओ आहे.
केराबाई मांजरीहून येतात, नातवाच्या रिक्षातून,
मांडीवर स्टीलचा डबा.
डब्यात चपाती, शेंगदाण्याची चटणी
आणि तेलाचे डाग पडलेली वही, तिच्यात नऊ गाणी.

नऊही दुसऱ्यांची.

मी म्हटलं, बाई, तुमचं एखादं घेऊ की.
त्या म्हणाल्या, माझी मी गातेच रोज, भांडी घासताना.
ह्यांची आता कोन गानार?

पहिलं सदू गुरवाचं. त्याला पेटी वाजवता येत नव्हती,
तरी तो पेटीवर बसूनच चाली बांधायचा;
चाल खालून वर चढते म्हणायचा.
दुसरं रहिमान ढोलकीवाल्याचं, त्याला शब्दच नाहीत,
नुसते बोल. ते त्यांनी असे गायले,
लेकराला भरवताना आई
आपलंच तोंड उघडते ना, तसे.

तिसऱ्याच्या मध्यात मेट्रो गेली. मी हात वर केला.
जाऊ द्या तिला, म्हणाल्या,
आमच्या टायमाला जनरेटर व्हता.
तो जो सूर धरंल त्यात आमी गानं लावायचो.

शेवटच्या ओळीत कवीचं नाव येतं, रीतच आहे तशी.
तिथे पोचल्या की केराबाई
उंबऱ्यावर चपला काढाव्यात तशी तान बाहेर ठेवतात
आणि नाव तेवढं हलक्या पावलानं आत नेतात.
पंच्याहत्तरीच्या गळ्याला एवढं पुरतं.
मला पुरलं.

सातवं गाणं तुम्हालाही पाठ असेल.
हळदीला वाजतं, बँडवाले वाजवतात,
माझ्या भाचीनं शाळेच्या गॅदरिंगला त्यावर नाच केला होता.
मी कागदावर नेहमीसारखं लिहिलं :
गीत, संगीत – पारंपरिक.

केराबाईंनी दोरा बांधलेला चष्मा लावला.
ह्यो कोन पारंपरिक?
कुठल्या गावचा?
मी कधी फडात बगितला न्हाई त्याला.

मग चहा तसाच राहिला.
सत्त्याहत्तर साल, म्हणाल्या, पाडव्याच्या आदली रात.
डुल्या मारुतीपल्याडचं थेटर, पत्र्याच्या खोल्या.
पलीकडं हौसा पिंपळवंडीकर.
आमचं बोलनं न्हवतं, तिनं माझा ढोलकीवाला पळवलेला.
ती रातभर ह्ये गानं जुळवत व्हती, एकेक ओळ घासून पुसून.
मी पत्र्याला कान लावून पाठ केलं.
आन् तिच्या आधी नगरला गाऊन टाकलं.

(मी फेडर खाली ओढला. का, कुणास ठाऊक.
काहीच रेकॉर्ड होत नव्हतं.)

पुढं तिनं ते गायलं, तर लोक म्हनले,
केराचं चोरलं हिनं.
ती हसली नुसती. कुंकू नीट केलं आन् दुसरं गायली.

शेवटच्या ओळीत नाव घालायला
मी तिला येळच दिला न्हाई, बगा.
चार मात्रा मोकळ्या हायेत तिथं.
पन्नास वर्सं सगळे त्या आलापानं भरत्यात.

पहिल्या टेकला गळा दाटला.
दुसऱ्याला मेट्रो. ह्या वेळी त्याच थांबल्या.
तिसऱ्याला वरच्या मजल्यावर
कुणाच्या तरी दाढेत ड्रिल शिरलं, नेमकं
"हौसा म्हणे" वर.
मी म्हटलं, पुन्हा घेऊ.
ऱ्हाऊ द्या, म्हणाल्या.
दुखायलाच पायजे कुनाला तरी.

मी कागदावर काट मारली, नाव लिहिलं.
त्यांनी बोट ठेवून वाचलं, अक्षरामागून अक्षर,
आणि म्हणाल्या, पिंपळवंडी जुन्नरकडची, ते बी लिवा,
न्हाई तर दुसरीच कोन तरी उठंल.

मग चहा प्यायल्या, थंडच.
वहीचं पान उलटलं.
आठवं कुणाचं, ते त्यांनी सांगितलं.
कसं मिळालं, हे सांगितलं नाही,
आणि मीही विचारलं नाही.

लाल दिवा लावला.