रीडिंग

मानेवाड्यातल्या घरामागची सांदवाडी,
अकरा फूट बाय वीस.
एक अंजीर, एक कढीपत्ता, कूलरची मागली जाळी,
नळाखाली पोचा आलेलं घमेलं, त्यात पाणी.
एवढ्यात मी प्रकाश शिकतो आहे,
निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी.

कॅमेरा बोरकुट्यांच्या हर्षालीचा, जुना.
तिनं नवीन घेतला तेव्हा साडेनऊ हजारांत दिला,
पट्टा फुकट.
म्हणाली, काका, ऑटोवर ठेवू नका,
आधी मीटर वाचायला शिका.

मी हसलो.
एकतीस वर्षं मीटरच वाचले, बाई.
जिन्याखालचे, गोठ्यातले, पालीनं अंडी घातलेले,
बॅटरी दातात धरून,
एक डोळा कुत्र्यावर ठेवून.
दाराला कुलूप दिसलं की वहीत तशी नोंद
आणि मागल्या तीन महिन्यांची सरासरी.

ऑटो म्हणजे तेच, ती म्हणाली.
कॅमेऱ्याला वाटतं, जग राखाडी आहे.
बगळ्याला राखाडी करतो, कावळ्यालाही.
त्याच्यावर सोडलं तर सगळ्यांना सारखंच बिल.

मग चैत्रभर घमेल्यावरचा कावळा.
एक घर खाली आणलं, दोन घरं,
शेवटी तो काळा झाला.
मानेपुरता राखाडी उरला,
तो त्याचा स्वतःचा.

छिद्राचा हिशेब मात्र डोक्यात बसेना.
आमच्या खात्यात आकडा वाढला की बिल वाढायचं.
इथं आकडा लहान तर तोंड मोठं.
१.८ म्हणजे सताड उघडं दार,
१६ म्हणजे साखळी न काढता
फटीतून कोणीतरी विचारतंय, कोण पाहिजे?
अशा फटी मला पाठ आहेत.
मग बसलं.

कूलरच्या जाळीतून गळणारं पाणी
हजाराव्या हिश्शात मणी होतं,
पंधराव्यात दोरा.
खारीसाठी अजून हिस्सा सापडलेला नाही.
माझ्याकडे शेपट्या आहेत, अठ्ठावीस.

नवतप्याच्या तोंडावर शिंप्यानं
अंजिराची दोन पानं शिवायला घेतली.
आठनंतरचं ऊन म्हणजे नुसता चुना,
सगळ्यावर एकच हात फिरवलेला,
म्हणून उजाडता उजाडता स्टुलावर बसायचो.
एकदा १.८ वर तो नेमका सापडला.
चोचीत कापसाचा तंतू, डोळ्यात टिपका,
मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं.

रत्नमालेला दाखवला.
चष्मा वर करून तिनं बराच वेळ पाहिला.
पाखराबद्दल काही बोलली नाही.
"मागं हा निळा डाग कायचा जी?"
तो डाग म्हणजे तू. तारेवर टॉवेल टाकत होतीस.
"असं," म्हणाली,
आणि कुकर लावायला गेली.

त्या दिवशी तीन शिट्ट्या मी मोजल्या,
चौथी मोजायची राहिली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला छिद्र ११ वर.
फटीतून उजेड येणार किती?
शटर सुस्तावलं, आयएसओ चढवत बत्तीसशेवर नेला,
फोटोत रवा उतरला,
कढईत नुकताच टाकल्यासारखा.
शिंपी बरोब्बर तेव्हाच उडाला.

उरली दोन पानं. टाके दिसतात, मोजले, सात.
आणि पलीकडे तारेजवळ ती,
चिमटा दातात धरून,
एक भुवई वर,
काहीतरी सांगायच्या बेतात.

हर्षालीला पाठवला.
ती म्हणते, हललाय थोडा. रवाही फार.
आणि काका, पक्षी कुठाय?

मी वहीत रीडिंग लिहून ठेवलं:
छिद्र ११, साठावा हिस्सा, बत्तीसशे.
शेऱ्याच्या रकान्यात,
घर उघडं होतं.