खणामागचा हिरवा

जुना रंग शोधायचा तर आधी
ऊन कुठे पोचलं नाही ते शोधावं लागतं.

म्हणून सकाळपासून मी
बोरस्त्यांच्या पिकअपमध्ये उताणी पडलेय,
डोकं क्लचपाशी, पाय दाराबाहेर,
दातांत बॅटरी.
सातपूरच्या शेडचे पत्रे तापायला लागलेत.
मुदस्सर वाकून विचारतो, "दिसला का, ताई?"
जसं काही आत कोणी लपून बसलंय.

दाराच्या आतून निळा, घरगुती ऑइलपेंट,
ब्रशचे केस अजून अडकलेले.
त्याखाली राखाडी,
मग नखाएवढा एक पिवळा,
कुठल्याशा दसऱ्याला कुणाला तरी आवडलेला,
मग तांबडा प्रायमर.
पाणी लावून पेपर फिरवत गेलं
की वर्षं गोल गोल उघडतात
कापलेल्या कांद्यासारखी.
डोळ्यांत पाणी येतं ते मात्र थिनरचं.

पण हे दारच मुळी भंगारातून आलेलं,
त्याची साक्ष काय कामाची!
डॅशबोर्डच्या खणाचं झाकण काढलं.
चार स्क्रू, त्यातला एक तुटला.
मागे, वायरींच्या जुडग्याला टेकून,
तळहाताएवढा, चकाकी न गेलेला
तो होता.

हिरवा. पण कसला हिरवा?
पोपटी नाही, मोरपंखी नाही,
देवळालीच्या लष्करी गाड्यांचा तर नाहीच.
द्राक्षाच्या पानावर मोरचूद-चुना मारतात,
तो वाळल्यावर पान जसं दिसतं,
हिरवं, आणि वर थोडंसं
दुसऱ्याच कुणाचं.

मशीनने वाचला. चिठ्ठी आली:
पांढरा इतका, काळा इतका, ऑक्साइड पिवळा,
निळ्याचे दोन थेंब.
पत्र्याच्या तुकड्यावर मारला,
ट्यूबलाइटखाली सख्खा भाऊ.
बाहेर उन्हात नेला
तर ओळख दाखवेना.
चौदा वर्षं मी हेच करतेय, तरी दर वेळी
फसवल्यासारखं वाटतं.
काळा थोडा मागे घेतला. पाचव्या डब्याला
उन्हातही जुळला.

बोरस्ते आले. ओझरहून रिटायर्ड,
आयुष्य विमानांच्या पंखांत गेलं,
मिलिमीटरच्या वर बोलत नाहीत.
"हा नाही," म्हणाले. "उजळ होता.
सहा वर्षांचा होतो मी, मधे बसायचो,
गियरचा दांडा गुडघ्यांत.
चांदवडच्या घाटात याच डॅशबोर्डवर
उलटी झाली होती मला.
तो रंग विसरेन होय?"

मी खणामागे बॅटरी मारली.
त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, घातला.
"मग हा पत्रा दुसऱ्या गाडीचा असेल."

रात्री डबे धुताना हिशेब केला.
गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा
आठ उन्हाळे खाऊन आली होती.
पोराने पाहिला तो विटलेला,
आणि मला सापडला तो
कारखान्यातल्या कुणा पेंटरनंतर
कुणीच न पाहिलेला.
ओरिजिनल लिहायचं कुठल्या डब्यावर?
चिठ्ठी कोरीच चिकटवली.

शेवटी डॅशबोर्डला त्यांचा मारला,
पांढरा वाढवून, पिवळ्याचा हात आखडून.
खणामागच्या तळहातावर तेवढी
मास्किंग टेप लावली, फवारा मारून झाल्यावर
हळूच सोलून काढली.
मुदस्सरला वाटलं, विसरले.

पंधरा दिवसांनी गाडी परत दारात.
रंगाबद्दल चकार शब्द नाही.
"खणाचं झाकण खडखडतंय," म्हणाले.
"चौथा स्क्रू बसवायचा राहिला, काका."
मी ड्रायव्हर घेऊन गेले
तर झाकण आधीच काढून मांडीवर,
बाकीचे तीन स्क्रू शर्टाच्या खिशात,
आणि मोबाइलचा उजेड आत.

"बसवू चौथा?"

बराच वेळ त्यांनी मान बाहेर काढली नाही.
"राहू दे," आतून आवाज आला,
"तीन पुरतात."