अपघाताविना दिवस

कळमन्याच्या पुढे, कापसीच्या वळणावर
आमचं पत्र्याचं शेड.
टाकून दिलेले कपडे इथं येतात गठ्ठ्यांनी,
फाटतात, पिंजले जातात,
रुई होऊन पानिपतच्या ट्रकात चढतात.

दारावर काळा फळा आहे:
'अपघाताविना दिवस', पुढे आकडा.
रोज सकाळी मी तो पुसतो, एक मिळवतो.
हजेरी, वजनकाटा, बिलं हेही माझ्याकडेच,
पण पोरं मला ओळखतात ती खडूवरून.
काल होते दोनशे सतरा.

मे महिन्यात कूलर लावता येत नाही,
लावला की तंतू उडतात,
पापण्यांवर, मशीनच्या पाठीवर, डब्यातल्या झुणक्यावर.
संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे केस
एकाच वयाचे होतात.
मास्क हनुवटीवर. मी म्हणतो, वर घ्या.
दुकालू म्हणतो, साहेब, सेहेचाळीस डिग्रीत तुम्ही घ्या.
घेतो ना. ऑफिसात. पंख्याखाली.

कौतिका हेडाऊ खिसे तपासते.
तिच्या सासऱ्याचा माग होता गोळीबार चौकात.
तो इणत होता, मी उसवते, म्हणते, हसते,
आणि हसता हसता खोकते.
मशीनच्या दातांत काही कडक जाऊ नये
म्हणून आधी तिची बोटं जातात.
बटण, झिप, नाणं, बसचं तिकीट,
कुणाच्या नवसाची काळी दोरी,
एकदा पुडीत बांधलेला दुधाचा दात
(तो तिनं पत्र्यावर फेकला, रीतीप्रमाणे),
आणि लायटर.
लायटर दातांत गेला तर ठिणगी,
आणि रुईला पेट घ्यायला
विचार करावा लागत नाही.

साडीवर ती पुरुषाचा शर्ट घालते, ढिगातलाच,
पदर आत कोंबून.
खिशावर कुठल्याशा बँकेचं नाव.
तिथं तिचं खातं नाही.

हातमोजे आले आहेत. कपाटात आहेत.
पुरुषी मापाचे, तिच्या बोटापुढे पेरभर रिकामे.
ते रिकामं पेर मशीनला आधी दिसतं.
म्हणून ती उघड्या हातानं.
इन्स्पेक्टर येतो त्या दिवशी सगळे मोजे घालतात
आणि त्या दिवशी मशीन बंद असते.

मंगळवारी दुपारी बाराला सुई.
जीन्सच्या मागच्या खिशात, इंजेक्शनची, टोपण नसलेली.
तिनं बोट नळाखाली धरलं,
मेयोत जाऊन आली.
तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या, म्हणाले.
गुरुवारी सकाळी आठला हजर.
शेठ म्हणाले, अठ्ठेचाळीस तास भरले नाहीत,
कायद्यानं हा अपघात नाही.
मी बोटांवर मोजलं. खरंच. चव्वेचाळीस.
फळ्यावर एक मिळवला.

काल पाण्याच्या टाकीमागे गेलो तर
भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.
मला वाटलं, कुणाची उसनवारी.
"लायटर हायेत थे," कौतिका म्हणाली.
"जे झालं नाही थे लिहून ठेवलं, बाप्पा.
तुमच्या फळ्यावर कुठी मावते?"

एकतीस रेघा.
एकतीस वेळा हे शेड जळालं नाही,
आणि मी त्या त्या सकाळी एक मिळवत होतो
जणू दिवस माझ्या खडूतून निघतात.

आज लवकर आलो.
फळा ओल्या फडक्यानं पुसला, फडकंही ढिगातलंच,
आणि शून्य काढलं.
शेठची गाडी यायला अजून वेळ आहे.
लहान मापाच्या मोज्यांची मागणी लिहून ठेवलीय,
दोन प्रती, एक खिशात.
नोकरीचं काय ते दुपारपर्यंत कळेल.

कौतिका आली. डबा ठेवला. फळ्यापुढे थांबली.
बराच वेळ पाहत राहिली.
"मास्तर, हे शून्य हाय का अंडं?
बराबर गोल काढा ना जी."